संगमनेरचा फड, ह्यूस्टनची गाडी

अनंत फंदी म्हटलं की मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला उपदेश आठवतो. आडवाटेला जाऊ नको, उगाच कुणाशी वाकडं घेऊ नको, असं ठेक्यात बजावणारा सोवळा कवी. पाठ्यपुस्तकांनी ही प्रतिमा इतकी पक्की केली की संगमनेरच्या या माणसाचं मूळ रूप तिच्याखाली दबूनच गेलं. घोलप आडनावाचा, १७४४ साली जन्मलेला हा यजुर्वेदी ब्राह्मण डफ घेऊन तमाशाच्या फडात उभा राहायचा. लावण्या रचायचा, कटाव म्हणायचा. त्याचं ‘फंदी’ हे नावही घरातलं नाही. गावात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता. त्याच्याशी या अनंताची अशी गट्टी जमली की लोक त्यालाही त्याच नावाने हाक मारू लागले, अशी कथा आहे. फडासाठी वेगळं नाव घेण्याची रीत रॅपवाल्यांनी काढली असं कुणी म्हणालं, तर त्याला संगमनेरला पाठवावं.

फंदीची आठवण निघाली ती मिक्सटेपवरून. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला एखादा रॅपर नवी मिक्सटेप काढतो, तेव्हा पुढे काय होणार हे गेली तीसेक वर्षं बरंचसं ठरलेलं आहे. चाहत्यांना आठवड्याभरात ती तोंडपाठ होते. कुठल्या ओळीला श्वास तोडला, कुठे प्रतिस्पर्ध्याला चिमटा काढला, कुठे शब्द ठेक्याच्या मागे रेंगाळला, यावर वाद रंगतात. समीक्षक मात्र म्हणतात, गाणी फार झाली, विषय तेच ते, भाषा शिवराळ, अर्थ उथळ. मग चार-पाच वर्षं जातात आणि तेच समीक्षक त्याच टेपला ‘अभिजात’ म्हणू लागतात. हा खेळ आपल्याकडेही खेळला गेलाय, फक्त चार-पाच वर्षांच्या जागी शंभर वर्षं घाला.

मिक्सटेप म्हणजे काय, हे आधी पाहू. रॅपची जन्मतारीख ११ ऑगस्ट १९७३ मानतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्क याने एका इमारतीच्या हॉलमध्ये केलेली ती पार्टी. पुढे अशा पार्ट्यांत वाजलेलं संगीत कॅसेटवर भरून हातोहात फिरू लागलं, तीच मिक्सटेप. रीतसर अल्बमला कंपनी लागते, हक्क विकत घ्यावे लागतात, मालाला गुळगुळीतपणा आणावा लागतो. मिक्सटेपला यातलं काही लागत नाही. दुसऱ्याच्या गाण्याचा ठेका उचलायचा, त्यावर आपले शब्द चढवायचे आणि टेप मित्राला, दुकानदाराला, टपरीवाल्याला द्यायची. पुढे सीडी आल्या, मग फुकट डाउनलोड आलं, आता तर कंपन्याच आपल्या मालाला मिक्सटेप म्हणून विकतात. मूळ गुण मात्र कंपनीबाहेरचा. रॅपर हात मोकळा सोडतो, चुका राहू देतो, वाटेल त्याला अंगावर घेतो.

दक्षिणेचा मुद्दा यात महत्त्वाचा. रॅपची राजधानी न्यूयॉर्क, दुसरं ठाणं लॉस एंजेलिस. अटलांटा, ह्यूस्टन, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स ही त्यांच्या लेखी खेडी. तिथले लोक हेल काढून, शब्द ओढून बोलतात म्हणून त्यांची थट्टा व्हायची. १९९५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला ‘द सोर्स’ मासिकाचा पुरस्कार सोहळा झाला. नव्या गटासाठीचा पुरस्कार अटलांटाच्या आउटकास्टला जाहीर होताच सभागृहातून हुर्यो उडवण्यात आली. त्या जोडीतला आंद्रे बेंजामिन हा विशीतला पोरगा तेव्हा माइकवर एवढंच म्हणाला की दक्षिणेलाही काही सांगायचं आहे. तीनच वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच मासिकाने त्याच जोडीच्या ‘अक्वेमिनाय’ या अल्बमला पाचपैकी पाच माइक दिले. तोवर दक्षिणेतल्या कुणाच्याही वाट्याला हा मान आला नव्हता. तरी कुरबुर थांबली नाही. २००६ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या नास या रॅपरने हिप-हॉप मेलं अशा अर्थाचं नाव देऊन अल्बम काढला, तेव्हा दक्षिणेतल्या कित्येकांना तो आपल्यावरचाच ठपका वाटला.

या सगळ्यात ह्यूस्टनचा डीजे स्क्रू मला सगळ्यात रंजक वाटतो. त्याने केलं काय, तर गाण्याची गती उतरवली. तबकडी सावकाश फिरवायची, आवाज जड आणि खोल होऊ द्यायचा, दोन तबकड्या एकमेकींच्या किंचित मागेपुढे ठेवून एखादा शब्द दोनदा-तीनदा तोडायचा. त्यावर मोहल्ल्यातली पोरं सुचेल ते म्हणणार आणि गल्लीतल्या दोस्तांची नावं घेणार. राखाडी कॅसेटवर हे भरून तो घरातूनच विकायचा. दारासमोर गाड्यांची इतकी रांग लागे की पोलिसांना वाटलं, इथे अमली पदार्थ विकले जातात. न्यूयॉर्कच्या कानाला ही टेप म्हणजे बिघडलेला टेपरेकॉर्डर. न्यूयॉर्कचा माणूस कानाला यंत्र लावून भुयारी रेल्वेने जातो, पायी चालतो. ह्यूस्टन हे मैलोन्‌मैल पसरलेलं, उकाड्याचं, मोटारीचं शहर. डिकीत मोठाले स्पीकर बसवलेली, चकचकीत रंगाची लांबलचक जुनी गाडी संथ चालवत ती टेप ऐकायची. खालचे सूर सीटमधून पाठीत शिरतात. त्या गतीला तेच संगीत लागतं. स्क्रू २००० साली गेला, तिशी ओलांडण्याआधीच.

समीक्षक आणि चाहते यांच्या भांडणाचं मूळ मला इथे दिसतं. एकाची अभिरुची उंच आणि दुसऱ्याची हलकी, असं ते नाही. दोघं दोन ठिकाणी बसून ऐकतात.

आता कटावाकडे येऊ. छापील पानावर कटाव पाहिला तर शब्दांची नुसती रास दिसते. यमकं एकामागून एक कोसळतात, अर्थ पुढे सरकतोय की जागीच फिरतोय ते कळत नाही. साहित्याच्या इतिहासांत त्याला दोन-चार ओळींवर जागा मिळत नाही, ती यामुळेच. अठराव्या शतकात छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, अमृतराय (१६९८ ते १७५३) यांनी कटावाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली आणि कीर्तनकारांनी तो उचलला. फंदीच्या तोंडी तो फडावर आला. त्याची गंमत कळायला तो तोंडाने म्हणावा लागतो. फंदीची ओळ इथे घेत नाही, एक साधी ओळ मीच जुळवतो:

बैल बांधले, चूल पेटली, भाकर खाल्ली, बाज टाकली.

काव्य म्हणून हिच्यात काही नाही. पण मोजून पाहा, प्रत्येक तुकडा आठ मात्रांचा आहे. माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’त अशा आठ मात्रांच्या आवर्तनाला पद्मावर्तनी म्हटलंय. आता मांडीवर थाप द्या, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. ‘बैल बांधले’ म्हणताना ‘बां’ हे अक्षर थापेच्या एक मात्रा आधीच सुरू होतं, थाप त्याच्या पोटात पडते. आठ मात्रा चार-चार अशा न फुटता तीन-तीन-दोन अशा फुटल्या: बै-ल, बां-ध, ले. ‘चूल पेटली’चंही तेच. तिसऱ्या तुकड्यात ‘भाकर’ चार आणि ‘खाल्ली’ चार, दोन्ही थापा शब्दांवर चोख बसल्या, जीव भांड्यात पडला. चौथ्यात पुन्हा तीन-तीन-दोन. ठेक्याला बगल द्यायची, मग ठेक्यावर यायचं, मग परत बगल. ऐकणाऱ्याची मान हलते ती या हुलकावणीने, शब्दांच्या अर्थाने नाही.

गंमत अशी की हेच तीन-तीन-दोन न्यू ऑर्लिन्सच्या संगीतात आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांमार्गे येऊन पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे. जॅझमध्ये ते आहे, अंत्ययात्रेमागून नाचत जाणाऱ्या बँडमध्ये आहे, दक्षिणेच्या रॅपमध्येही आहे. फंदीचा आणि त्याचा काही संबंध जोडायचा नाही. आठ ठोके तिरपे वाटायचे म्हटले की जगभर लोक याच वाटणीवर येतात, एवढंच. फंदीची ती शाळेतली उपदेशाची कविता, म्हणजे त्याचा प्रसिद्ध फटका, तिच्या पहिल्या आठ मात्राही अशाच फुटतात. पुस्तक काढून मोजा. पूर्ण ओळ ३० मात्रांची, आठ-आठ-आठ-सहा. शेवटच्या सहा मात्रांनंतर जी दोन मात्रांची रिकामी जागा उरते, ती डफाची. शाळेत आपण ती कविता घड्याळाच्या लंबकासारखी डोलत म्हटली आणि ही रिकामी जागा गिळून टाकली.

रॅपमधल्या ओळीला ‘बार’ म्हणतात. एका बारमध्ये चार ठोके, साधारण सोळा बारचं एक कडवं. चांगला रॅपर कोण, याचं चाहत्याचं माप शब्दसंग्रहाआधी हेच असतं: ठेक्यापासून किती लांब जाऊन हा परत जागेवर येतो. पुढे येतं यमक, आणि तेही एका अक्षराचं नाही, तीन-तीन चार-चार अक्षरांचं. त्यानंतर दुहेरी अर्थ. त्यानंतर प्रतिस्पर्ध्याला हाणलेला टोला. सांगायचा विषय यादीत बऱ्याच खाली येतो. समीक्षकाची यादी नेमकी उलटी, कारण तो शब्दांचा कागद पुढ्यात घेऊन लिहायला बसतो.

फंदीच्या बाबतीत पहिला नामांकित निवाडा दिला तो जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या लेकीने. अहिल्याबाई होळकरांचं (१७२५ ते १७९५) नाव आता या जिल्ह्यालाच मिळालं आहे, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. कथा अशी: फंदी महेश्वरकडे गेला असता बाईंनी त्याला सुनावलं की ब्राह्मणाने आणि एवढ्या गुणी माणसाने तमाशात बुद्धी उधळावी हे शोभत नाही. फंदीला ते लागलं, त्याने डफ टाकला आणि तो कीर्तनाकडे वळला. सगळे चरित्रकार ही गोष्ट आवडीने सांगतात. ती खरी असेलही. पण तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की चित्र जरा हलतं. बाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ ला. तेव्हा फंदी पन्नाशी ओलांडलेला होता, म्हणजे ऐन उमेदीची वर्षं फडावर काढून झाली होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जामखेड तालुक्यातच खर्ड्याला निजामाशी लढाई झाली आणि तिच्यावर फंदीने पोवाडा रचला. पुढे यशवंतराव होळकरांवरही त्याचा पोवाडा आहे, आणि यशवंतरावांचा पराक्रम हा बाईंच्या पश्चातला. तेव्हा शाहिरी काही सुटलेली दिसत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या सांगण्यावरून त्याने सवाई माधवरावांवर ‘माधवग्रंथ’ हा ओवीबद्ध ग्रंथही लिहिला. दरबारासाठी ओवी, लोकांसाठी डफ, अशी दोन्ही दुकानं तो चालवत असावा.

आधी तमाशा, मग उपरती, मग कीर्तन, ही गोष्ट फंदीची एकट्याची नाही. सोलापूरच्या राम जोशींबद्दलही साधारण अशीच सांगतात. तिकडे जॉर्जियाच्या लिटल रिचर्डने १९५७ साली ऐन भरात रॉक अँड रोल सोडून देवाची वाट धरली, आणि व्हर्जिनियाच्या क्लिप्स या रॅप जोडीतल्या मॅलिसने २०१२ मध्ये आपलं नाव बदलून ‘नो मॅलिस’ करून घेतलं. असे बदल खरेच होतात. पण समीक्षकांना ते विशेष आवडतात, कारण कलावंताला मान द्यायचा आणि त्याच्या कलेला देता येत नाही, अशी अडचण असली की पश्चात्ताप कामाला येतो. फंदी पाठ्यपुस्तकात गेला तो पश्चात्तापाच्या दारातून. फटका आत गेला, लावणी उंबऱ्यावर राहिली. आणखी एक बोचरी गोष्ट आहे. फंदी काय, राम जोशी काय, पुढे रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव काय, तमाशात उतरलेल्या ब्राह्मणांची चरित्रं आपण लिहून ठेवली. ज्यांच्या घरात ही कला पिढ्यान्‌पिढ्या होती, त्या महार-मांग-कोल्हाटी कलावंतांतली किती नावं आपल्याला येतात? मलिक फंदीबद्दल तरी आपल्याला काय माहीत आहे?

शाहिरांना कागदावर आणण्याचं मोठं काम केलं शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी, हॅरी ॲकवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर. ऐतिहासिक पोवाड्यांचा त्यांचा संग्रह १८९१ चा. ॲकवर्थने १८९४ मध्ये काही पोवाड्यांची इंग्रजी पद्यात भाषांतरंही छापली. हा गृहस्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर, वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला आजही त्याचं नाव आहे. या दोघांचे उपकार मोठेच. पण कागदावर शब्द आले, चाल आली नाही, थाप आली नाही, लोक कुठल्या ओळीला उसळले ते आलं नाही. नंतरच्या विद्वानांनी जो शाहीर वाचला तो असा अर्धाच.

उरलेला अर्धा भाग फडात होता. तमाशात रसिकाची पावती लेखी नसते, ती तिथल्या तिथे आणि रोख असते. गणगौळण संपून रंगबाजी सुरू झाली की पुढच्या रांगेतला कुणी उठतो, नोट दाखवतो. नाचणारी किंवा सोंगाड्या ती घेतो, कानाशी वाकून नाव विचारतो आणि माइकवर पुकारतो: अमुक गावच्या अमक्या पाटलांकडून दौलतजादा, पाटलांची फर्माईश अमुक. मागून दुसऱ्या गावाचा माणूस दुप्पट नोट काढतो, कारण आता प्रश्न लावणीचा राहिलेला नसतो, गावाचा झालेला असतो. फेटे उडतात. तीच ओळ चौथ्यांदा म्हटली जाते आणि प्रत्येक वेळी ढोलकीवाला तिचा शेवट वेगळा करतो, नाहीतर लोक ओरडतात. डीजे स्क्रूच्या टेपवर गल्लीतल्या पोरांची नावं पुकारली जातात, ती ऐकताना मला हा पुकारा आठवतो. बाहेरच्या समीक्षकाला ती नावं म्हणजे अडगळ, गाण्यातला कचरा. ज्याचं नाव आहे त्याला विचारा.

चाहत्यांच्या तटबाजीची आपल्याकडची मोठी शाळा म्हणजे कलगी-तुरा. तुरेवाले पुरुषाचं, शिवाचं श्रेष्ठत्व मांडणार, कलगीवाले शक्तीचं. एका फडाने भेदिक लावणीत कूट सवाल घालायचा, दुसऱ्याने त्याच चालीत, जमलं तर त्याच यमकात, उभ्या उभ्या जवाब द्यायचा. जमला नाही तर हरला. हरणाऱ्याचा डफ काढून घ्यायची रीत होती असं जुने लोक सांगतात. रात्र रात्र हे चाले आणि ऐकणारेही कलगीचे नि तुऱ्याचे असे घराण्यासारखे वाटले जात. रॅपमधली ‘बॅटल’ आणि एकमेकांना घातलेली ‘डिस’ गाणी हा याच जातीचा प्रकार. फरक एक मोठा आहे. कलगी-तुऱ्यात समोरच्याला पाडायला पुराण, सांख्य, वेदान्त यांतलं कूट लागायचं. रॅपमध्ये बहुतेक वेळा त्याचं बँकखातं आणि त्याची भेकडाई पुरते. इथे मी कलगी-तुऱ्याच्या बाजूने.

समीक्षेला सरकारी शिक्का मिळाला की काय होतं, तेही तमाशाने पाहिलं. स्वातंत्र्यानंतर लगेचच, बाळासाहेब खेरांच्या काळात, मुंबई प्रांतात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. कलावंतांनी खेटे घातले, मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि वगाची संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर खेळ सुरू झाले. बतावणी म्हणजे ऐन वेळी सुचलेल्या हजरजबाबीवर चालणारा प्रकार. तो आधी लिहून मंजूर करून आणायचा! १९९५ चं ते सभागृह निदान हुर्यो उडवून थांबलं. अटलांटात २००७ च्या जानेवारीत डीजे ड्रामाच्या स्टुडिओवर मात्र पोलिसांचाच छापा पडला, हजारो मिक्सटेप जप्त झाल्या. तक्रार संगीत कंपन्यांच्या संघटनेची, आणि त्याच कंपन्या आपल्या रॅपरांची हवा करायला याच टेपांचा आधार घेत होत्या. त्या टेपांवर वाढलेल्या न्यू ऑर्लिन्सच्या लिल वेनने दोन वर्षं फुकट वाटलेल्या मिक्सटेपांनंतर २००८ च्या जूनमध्ये ‘द कार्टर ३’ हा अल्बम विकायला काढला, तर अमेरिकेत एका आठवड्यात दहा लाखांवर प्रती खपल्या. फुकट दिल्याने धंदा बुडतो म्हणणाऱ्यांची बोलती बंद झाली.

संगमनेरचा फड फंदीबरोबर संपला नाही. कांताबाई सातारकर याच गावात राहिल्या आणि मे २०२१ मध्ये करोनाने तिथेच गेल्या. वगात त्या पुरुषांच्या भूमिका करायच्या, शिवाजी महाराजांची सुद्धा. त्यांच्या संवादांना गावोगावच्या जत्रांत पडलेल्या टाळ्यांची नोंद कुठल्या समीक्षकाच्या वहीत सापडणार? दरम्यान १९८० नंतर स्वस्त कॅसेटी आल्या. तमाशाचे वग, लोकगीतं, भीमगीतं एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांत मिळू लागली. आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने तर सगळा महाराष्ट्र डोक्यावर घेतला आणि वर्तमानपत्री समीक्षेने जमेल तितकं त्याकडे पाहिलंच नाही.

त्या कॅसेटची नगर जिल्ह्यातली खरी जागा होती ट्रॅक्टर. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी कारखाना सुरू झाला; राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासा हा सगळा पट्टाच उसाचा. हंगामात रात्री अकराला दोन ट्रेलर ऊस ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतो, ताशी दहा-पंधरा किलोमीटरने. मडगार्डवर, टपावर मोठाले बॉक्स बांधलेले. इंजिनाच्या धडधडीवर मात करायची तर गाण्यात जाड ठेका आणि टोकदार आवाज हवा, आणि ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून ओळ पुन्हा पुन्हा यायला हवी. पुण्यात दिवाणखान्यात बसून तेच गाणं ऐकलं तर ते कर्कश आणि तेच ते वाटणारच. ह्यूस्टनच्या गाडीतून उतरवलेली स्क्रूची टेप न्यूयॉर्कला वाटली, तशीच.

मराठी रॅपला मोठ्या प्रमाणावर कान मिळाले ते ‘गली बॉय’ (फेब्रुवारी २०१९) आल्यानंतर, पण त्याची पाळंमुळं चित्रपटाबाहेरची आहेत. त्याच वर्षी मुंबईच्या स्वदेसी या गटाने आरेतल्या आदिवासींचे नेते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. आरेतल्या झाडांच्या आंदोलनात ते गाणं वाजलं, तिथे ते घोषणेसारखं ऐकलं गेलं. आणि बोली मुंबईबाहेरून आल्या. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी वळणाने म्हणतो, जळगावकडचा संजू राठोड रॅप आणि गाणं यांच्या मधल्या वाटेने जातो. त्याची ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये महाराष्ट्रात वरातीवरातीत वाजली, आणि मराठी न कळणाऱ्या प्रदेशांतही लोक नाचले. अटलांटाने जे केलं ते इकडे आपल्या अमरावती-जळगावांनी करायला घेतलंय.

प्रतिक्रियांचं म्हणाल, तर २०२३ चा एप्रिल आठवा. संभाजीनगरच्या राज मुंगासेचं ‘चोर’ हे रॅप आलं. नाव कुणाचं घेतलं नव्हतं, पण ‘पन्नास खोके’चा उल्लेख होता आणि ते खोके कुणाचे हे महाराष्ट्राला सांगावं लागत नव्हतं. अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. विरोधी पक्षांच्या पुढाऱ्यांनी ते गाणं उचलून धरलं. त्याच दिवसांत उमेश खाडे याच्या ‘भोंगळी केली जनता’ या रॅपवरून वडाळा टीटी पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, म्हणजे ॲकवर्थच्या रुग्णालयाच्या पंचक्रोशीतच! दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ बोलले, अभिव्यक्तीवर, बदनामीवर, शिवराळपणावर. पण मुंगासे यमक कसं लावतो, थाप कुठे घेतो, त्याच्या म्हणण्यात तमाशाची बतावणी किती आणि भीमगीतांच्या गायकीची फेक किती, यावर माझ्या वाचनात काही आलं नाही. समर्थकांनीही गाण्याचा निशाणा तेवढा पाहिला, विरोधकांनीही. मराठी वर्तमानपत्रांत नाटकाला परीक्षण आहे, चित्रपटाला तारे आहेत. रॅप मात्र छापून येतं ते बहुधा गुन्हेवार्तेत, नाहीतर ‘अमुक कोटी लोकांनी पाहिलं’ या आकड्याने.

डीजे स्क्रूच्या तबकड्या आता ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत, अभ्यासक जाऊन पाहू शकतात. फंदीचं पान आपल्याकडे आहे, चाल नाही. पण कटावाचा वेग ऐकायचाच असेल तर तो अजून पुरता गेलेला नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाचं निरूपण आटोपून आख्यान रंगात आलं की बुवा कटाव घेतात, त्यात अमृतरायांचेही असतात. तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं आणि तबलजीच्या पाचव्या मात्रेकडे लक्ष द्यावं. शब्द तिच्या आधी पडतो की नंतर, एवढंच मोजत बसलं तरी पुरे.